पाण्यावर कोण तरंगतं, कोण बुडतं आणि ते कशावर ठरतं?

पाणकळा (मांजलपूर, वडोदरा)

नमस्कार मंडळी. वेकेशनच्या बॅचला मुलीला पोहायला घातलं आणि तिच्याबरोबर आम्ही दोघांनीही नावं नोंदवली. हरणी तलावातली 18 जानेवारी 2024 ची बोट दुर्घटना वडोदऱ्यात कुणीच विसरलेलं नाही. सहलीची 12 मुलं आणि 2 शिक्षिका त्यात गेल्या. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, असं आमचं ठरलं होतं.

शिकवणारे सर हातपाय मारायला नंतर शिकवतात, आधी उताणं पडून नुसतं तरंगायला लावतात. मला ते लगेच जमलं. नवरा नियमित जिमला जाणारा, अंगावर चरबी नाही, पण त्याचे आधी पाय खाली जातात, मग कंबर, मग छातीपर्यंत पाणी येतं. माझं वजन 68 किलो, त्याचं 78. सासूबाई म्हणतात, जड माणूस बुडणारच. पण मग लाकडाचा मोठा ओंडका का बुडत नाही? त्या आणखी एक विचारतात आणि त्याचं उत्तर मलाही देता येत नाही: जिवंत माणूस बुडतो आणि मेलेला वर येतो, हे कसं?

कुणी नीट समजावून सांगेल का? मुलीलाही वाचून दाखवणार आहे.

दांडियाबाजार

पाणकळाताई, मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नुसत्या वजनावर काही ठरत नाही. वस्तू पाण्यात शिरली की ती आपल्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारते. त्या बाजूला सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढ्याच जोराने पाणी तिला वर ढकलतं. हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितलं. या जोराला प्लावक बल म्हणतात. ओंडका 200 किलोचा असेल, पण तो पूर्ण बुडवायला गेलात तर 300 लिटर पाणी सरकवावं लागेल, म्हणजे 300 किलोचा रेटा वर. म्हणून तो बुडत नाही. खिळा 5 ग्रॅमचा, पण त्याची जागा एका मिलिलिटरपेक्षाही कमी. पाणी त्याला एक ग्रॅमचाही आधार देत नाही.

आता माणूस. आपल्या शरीराची घनता (एका लिटरमागे किती किलो वजन; पाण्याची 1) पाण्याच्या इतकी जवळ आहे की निकाल थोडक्यात इकडचा तिकडे होतो. चरबीची घनता साधारण 0.9, म्हणजे ती पाण्याहून हलकी. स्नायू, हाडं वगैरे बाकीचं शरीर मिळून साधारण 1.1, म्हणजे पाण्याहून जड. आणि छातीत हवा असते, जिला वजन जवळजवळ नाहीच.

60 किलोचा एक मध्यम बांध्याचा माणूस घेऊ. त्याने सोडता येईल तेवढा श्वास सोडला, तरी फुप्फुसात लिटर-सव्वा लिटर हवा उरतेच. तेव्हा त्याचं आकारमान भरतं साधारण 58 लिटर. पाण्याचा आधार 58 किलोचा, वजन 60. दोन किलो कमी पडले, माणूस खाली. आता त्याने छाती भरून श्वास घेतला, सुमारे 4 लिटर. आकारमान 62 लिटर झालं, वजन वाढलं फक्त 5 ग्रॅमनी. दोन किलो शिल्लक, माणूस वर. बुडणं आणि तरंगणं यांत फरक एका श्वासाचा आहे. ही गोष्ट मला इतकी विलक्षण वाटते की दर वर्षी वर्गात सांगताना मी ती फळ्यावर पूर्ण आकडेमोड करून दाखवत असे.

तुमचाही हिशेब करून पाहिला. 68 किलो वजनात चरबी 35 टक्के धरली (बायकांमध्ये हे प्रमाण मुळातच पुरुषांपेक्षा जास्त असतं), तर पूर्ण श्वासानिशी तुमच्याकडे अडीच किलोच्या आसपास शिल्लक राहते. नवऱ्याची चरबी 12 टक्के धरली, तर त्याच्याकडे छाती फुगवूनसुद्धा जेमतेम अर्धा किलो. थोडा श्वास सोडला की तो गेलाच खाली. यात त्याचा दोष नाही आणि त्याला पोहणं जमणार नाही असंही नाही. पोहताना हालचालीने वर राहता येतं. स्थिर तरंगणं मात्र त्याला तुमच्यापेक्षा अवघडच जाणार.

पाणकळा

सर, मनापासून आभार. दोनदा वाचलं. पण त्याचे पायच का आधी जातात?

दांडियाबाजार

कारण हवा छातीत आहे आणि पायांत नुसते स्नायू आणि हाडं. पाण्याचा वरचा रेटा एकूण छातीच्या बाजूला जास्त लागतो आणि वजनाचा मध्य त्याच्या खाली, कमरेकडे असतो. दोन्ही एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरतं, म्हणून पाय खाली उतरतात. त्याला सांगा, हात डोक्याच्या मागे लांब पसरायचे, पण पाण्यातच ठेवायचे, आणि गुडघे थोडे वाकवायचे. वजनाचा मध्य डोक्याकडे सरकतो. हनुवटी वर, कान पाण्यात. मान उचलून पायांकडे बघितलं की सगळं बिघडतं.

कारेलीबागच्या_मावशी

आमच्या लहानपणी मामाच्या गावी, पादऱ्याकडे, विहिरीत पाठीला तेलाचा डबा बांधून शिकवत. सिंगतेलाचा 15 किलोचा रिकामा डबा, तोंड डाक लावून बंद केलेला. माहेरी, सातारकडे, वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचे ओंडके बांधायचे. मामा वरून दोर धरून उभा. भीती अशी कधी वाटली नाही. डब्याला एवढी ताकद कुठून येते, हे सरांचं वाचून आज कळलं.

दांडियाबाजार

मावशी, 15 किलो तेल म्हणजे 16 लिटरच्या थोडं वर, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. रिकामा डबा धरा किलोभराचा. पूर्ण पाण्याखाली गेला तर तो 15 किलोच्या जोराने वर येऊ पाहील. माणसाला लागतात दोन-तीन किलो. मामांनी भरपूर सुरक्षित व्यवस्था केली होती. धोका एकच: डाक सुटली आणि पाणी आत शिरू लागलं की हा आधार हळूहळू, कळायच्या आत नाहीसा होतो. त्यामुळे दोर धरून उभा असलेला मामा तितकाच महत्त्वाचा.

स्टेथोस्कोप

सरांच्या आकडेमोडीला धरून एक फार महत्त्वाचं सांगते. मी डॉक्टर आहे, बुडालेली माणसं कॅज्युअल्टीत पाहिली आहेत.

समजा दोन किलोची शिल्लक आहे. आपलं डोकंच साडेचार-पाच किलोचं. म्हणजे उभ्याने स्थिर तरंगणाऱ्या माणसाचं पूर्ण डोकंही पाण्याबाहेर राहू शकत नाही, जेमतेम कपाळ आणि डोळे बाहेर राहतील. उताणं झालं तर तीच दोन किलोची शिल्लक नाक-तोंड बाहेर ठेवायला पुरते. आता घाबरलेला माणूस काय करतो? ओरडतो, म्हणजे छातीतली हवा सोडतो. मदतीसाठी हात वर करतो. एक हात म्हणजे जवळपास 3 किलो. तो पाण्याबाहेर काढला की त्याला मिळणारा पाण्याचा आधार गेला आणि सगळं वजन उरलेल्या शरीरावर आलं. या दोन्ही गोष्टी त्याला खाली नेतात. म्हणून उताणं पडून तरंगायला आधी शिकवणारे तुमचे सर अगदी बरोबर करत आहेत.

खरं बुडणं बहुतेकदा शांत असतं, हेही लक्षात ठेवा. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर हाक कुठून मारणार? हात बाजूला पाण्यावर दाबले जातात, पाय जवळजवळ हलत नाहीत. लहान मूल अर्ध्या मिनिटातही दिसेनासं होतं. काठावरच्या मोठ्यांना वाटतं, पोर खेळतंय.

विश्वामित्री_काठ

बुडणारा माणूस तीनदा वर येतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं आहे का, मॅडम?

स्टेथोस्कोप

नाही. असा काही नियम नाही आणि त्यावर विसंबून कुणी "अजून एकदा येईल" म्हणून थांबू नये. पहिल्यांदाच खाली गेलेला माणूस परत न येण्याची शक्यता पूर्ण असते.

दांडियाबाजार

याला भौतिकशास्त्राचाही आधार आहे. खाली जावं तसा दाब वाढतो. 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वरच्या 60 किलोच्या माणसाच्या छातीत एकूण सव्वापाच लिटर हवा होती. 5 मीटर खोल गेला की दाब दीडपट, हवा आकसून साडेतीन लिटर. पावणेदोन लिटर आकारमान गेलं, म्हणजे दोन किलोच्या शिल्लकीतले पावणेदोन किलो गेले. त्याहून खाली गेला की तो आपोआप वर येणं संपलं, आता पाणीच त्याला खाली जाऊ देतं. आपल्याकडच्या जुन्या विहिरी आणि वावा (पायऱ्यांच्या विहिरी) एवढ्या खोल सहज असतात. वरून उडी मारणाऱ्या पोरांना हे सांगायला हवं.

स्टेथोस्कोप

पाणकळाताईंच्या सासूबाईंचा प्रश्न राहिला. बुडताना छातीतली बरीचशी हवा जाते, पाणी आत जातं, त्यामुळे मृतदेह आधी तळाशी जातो. पुढे शरीरातले जिवाणू कुजण्याची क्रिया सुरू करतात, आतड्यांत आणि ऊतींत वायू साठतो. वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं, मग शरीर वर येतं. पाणी उबदार असेल तर लवकर, फार थंड आणि खोल असेल तर कितीतरी उशिरा. मेलेलं शरीर हलकं होत नाही, ते फुगतं.

आणि कृपा करून हे सगळ्यांना सांगा: बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. पोटातलं पाणी काढून काही साध्य होत नाही, उलट ते श्वासनलिकेत जातं आणि वेळ वाया जातो. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, डोकं मागे कलवा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. बुडालेल्याला प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून श्वास देणं इथे टाळू नका. दुसऱ्याने तेवढ्यात 108 ला फोन करायचा.

जुना_खलाशी

मी मर्चंट नेव्हीत होतो, निवृत्तीनंतर वडोदऱ्यात आहे. हरणीचा उल्लेख वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. लोक म्हणतात, "बोट ओव्हरलोड झाली आणि बुडाली", पण बोट नेमकी कशी बुडते हे समजून घ्यायला हवं.

लोखंडाचं जहाज तरंगतं कारण त्याच्या आत पोकळी आहे आणि ते आपल्या वजनाएवढं पाणी सारतं. वजन वाढलं की ते तेवढंच खाली बसतं. जहाजाच्या बाजूला एक वर्तुळ आणि काही रेषा रंगवलेल्या असतात, त्या रेषेच्या खाली बसवायचं नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने त्यासाठी संसदेत लढा दिला आणि 1876 मध्ये ती खूण कायद्याने सक्तीची झाली, कारण मालक जहाजं खच्चून भरत आणि खलाशी मरत. गोड्या पाण्यासाठी वेगळी रेषा असते. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे समुद्रातून नदीत शिरणारं जहाज तेवढं आणखी खाली बसतं.

छोट्या बोटीत मात्र सरळ खाली बसून बुडण्याआधीच बोट उलटते. माणसं उभी राहिली की वजनाचा मध्य वर जातो. एका बाजूला फोटो काढायला सगळी गेली की बोट कलते. जास्त माणसं असली की काठ पाण्याच्या अगदी जवळ आलेला असतो, थोडी कलली तरी पाणी आत येतं. आणि आत आलेलं पाणी सगळ्यात वाईट: ते खालच्या बाजूला धावतं, बोट अजून कलते, अजून पाणी येतं. पहिलं पाणी आत येण्यापासून बोट उलटेपर्यंत काही सेकंदच मिळतात. तेवढ्यात लाइफ जॅकेट शोधून बांधणं अशक्य. ते बसण्याआधी अंगावर असावं लागतं. हरणीला बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. मला हे आजही सहन होत नाही.

कुठल्याही तलावावर गेलात तर बोटीवर क्षमता लिहिली आहे का बघा, माणसं मोजा, जॅकेट नसेल तर पैसे परत मागा आणि उतरा. मुलांसमोर वाद घालायला लाजू नका.

रेवातीर

नर्मदेचं थोडं लिहितो. आम्ही गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला आणि चांदोदला नेहमी जातो. काठावर पाणी गुडघाभर असतं आणि दोन पावलांवर वाळू एकदम खाली उतरते. वर धरण असल्याने पातळीही बदलते. पण मला विचारायचंय ते वेगळं. बंधाऱ्याखाली जिथे पाणी फेसाळतं तिथे चांगले पोहणारेही बुडतात असं नावाडी सांगतात. यात तथ्य आहे का?

दांडियाबाजार

पूर्ण तथ्य आहे. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. अशा पाण्याचा एक लिटर एक किलोचा भरत नाही. समजा 10 टक्के बुडबुडे असतील, तर 62 लिटरच्या माणसाला आधार मिळेल 56 किलोचा. वजन 60. छाती कितीही भरा, चार किलो कमीच. त्यातून बंधाऱ्याखालचं पाणी पृष्ठभागावर उलटं, बंधाऱ्याकडे फिरत राहतं आणि माणसाला परत धारेखाली ओढतं. पातालपाणीसारख्या धबधब्यांच्या डोहातही हीच गोष्ट. नावाड्यांचं ऐकावं.

विश्वामित्री_काठ

आमच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात नदी फुगली की आम्ही मगरी वाचवायला जातो. मगर पाण्यात अशी पडून असते की फक्त नाकपुड्या आणि डोळे वर. लाट न उठवता खाली जाते. हात-पाय हलत नाहीत, शेपूट नाही. हे ती कसं करते?

दांडियाबाजार

2008 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अॅलिगेटरांवर यासाठी प्रयोग झाले. श्वासासाठी वापरायचे काही स्नायू वापरून तो प्राणी फुप्फुसं शेपटीकडे ओढून घेतो. हवा मागे सरकली की पुढचा भाग जड पडतो आणि नाक खाली जातं. एका बाजूला सरकवली की अंग कुशीवर वळतं. आपली मगर कुळाने वेगळी, पण त्याची जवळची नातलग.

मातीकाम

मी नवापुऱ्यात गणपती करतो, शाडूचे. दर वर्षी कृत्रिम तलावावर दुसऱ्या दिवशी प्लॅस्टरच्या मूर्ती तरंगताना पाहून वाईट वाटतं. लोकांना वाटतं, प्लॅस्टर हलकं म्हणून. प्लॅस्टर पाण्याहून जडच आहे. पण त्या मूर्ती साच्यातून आतून पोकळ काढतात, वर ऑइलपेंटचा थर, त्यामुळे आत हवा कोंडून राहते. मोठ्या मूर्तींत बांबू आणि काथ्याही असतो. शाडूची भरीव मूर्ती लगेच तळाशी बसते आणि विरघळते. 2020 पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांमध्ये प्लॅस्टरला मनाई आहे. मूर्ती घेताना तळ उलटा करून बघा, पोकळ आहे का ते कळतं.

पाणकळा

किती छान माहिती. खलाशीकाका, मुलीसाठी जॅकेट घ्यायचं आहे. बाजारात स्वस्त फोमची आणि हातात घालायचे फुगे असं दोन्ही मिळतं. कुठलं घ्यावं?

जुना_खलाशी

हातातले फुगे घेऊ नका. ते खेळणं आहे, निसटतात, फुटतात, आणि मूल पाण्यात उभं राहायला शिकतं, आडवं व्हायला नाही.

जॅकेटच्या आत लेबल असतं, त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो. 50 लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ. मोठ्यांच्या 150 न्यूटनच्या जॅकेटमध्ये साधारण 15 किलोचा रेटा मिळतो. आता कुणी विचारेल, माणसाला दोन-तीन किलो पुरतात तर 15 कशाला? बेशुद्ध माणसाला उताणं फिरवून तोंड पाण्याच्या वर ठेवायचं असतं, म्हणून. मुलांच्या जॅकेटचा आकडा वजनानुसार कमी असतो, तेव्हा लेबलवर किती किलोच्या मुलासाठी आहे ते वाचा. "पुढे वाढेल" म्हणून मोठं घेऊ नका. मानेमागे उशी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय, दुसरं बघा. मग छातीभर पाण्यात, तुम्ही शेजारी उभ्या राहून, तिला त्यात तरंगू द्या. फोम दाबून सोडल्यावर परत फुगत नसेल तर ते जुनं झालंय, दुकानदार कितीही स्वस्त देऊ दे.